लाल तुरा कुणाचा? चौदा महिन्यांची चौकशी

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, आमच्या इंगोलश्टाटला पाहुणे आले आणि पाऊस लागला की आम्ही मराठी मंडळी त्यांना बव्हेरियन लष्करी संग्रहालयात नेतो. ते ‘नोयेस श्लॉस’मध्ये, म्हणजे नव्या राजवाड्यात आहे. नाव नवं, बांधकाम पंधराव्या शतकातलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाबा आले होते, पाऊसही होता. पिकेलहाउबेच्या, म्हणजे डोक्यावर टोक असलेल्या त्या प्रसिद्ध जर्मन शिरस्त्राणांच्या कपाटापाशी बाबा थांबले ते हलेनात. एका शिरस्त्राणावर पितळी टोक होतं, शेजारच्यावर घोड्याच्या शेपटीसारखा केसांचा झुपका.

“पद वेगळं की दिवस वेगळा?” बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, बघून सांगतो. ते सांगायला पुढे बराच वेळ आणि थोडे पैसे गेले. कुणाला असा नाद लागलाच तर त्याचे हेलपाटे कमी व्हावेत म्हणून हे सगळं तारीखवार लिहितोय.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तसं सोपं निघालं. दिवस वेगळा. प्रशियाने, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या त्या काळच्या जर्मन राज्याने, १८४२ साली हे चामड्याचं, टोकाचं शिरस्त्राण आणलं. ज्या रेजिमेंटांना तुऱ्याचा मान होता त्यांचे शिपाई संचलनाच्या दिवशी ते टोक फिरवून काढायचे आणि त्या जागी एक पितळी नरसाळं बसवायचे. नरसाळ्याच्या तोंडातून केस चारी बाजूंनी खाली पडायचे. नरसाळ्याला जर्मनमध्ये ट्रिश्टर म्हणतात आणि केसांच्या तुऱ्याला हार्बुश. संचलन संपलं की तुरा परत कोठारात आणि डोक्यावर पुन्हा टोक. बव्हेरियाने ही पद्धत उशिरा घेतली. तिथे १८८६ पर्यंत राउपेनहेल्म होतं, माथ्यावर जाड केसाळ सुरवंट आडवा पडलेला असावा तसं. राजा दुसरा लुडविग त्याच वर्षी जूनमध्ये वारला आणि मग बव्हेरियाच्या डोक्यावरही टोक आलं. त्याच्या पुढच्या बाजूला मात्र प्रशियाच्या गरुडाऐवजी बव्हेरियाचे सिंह आणि ‘इन ट्रॉय फेस्ट’, म्हणजे ‘निष्ठेत अढळ’, हे ब्रीद होतं.

इथवर सगळं पुस्तकात मिळतं. माझी गोष्ट एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, म्युनिकला थेरेसिएनवीजंवर वसंत जत्रेच्या वेळी भरणाऱ्या अवाढव्य जुन्या बाजारात. मी खरं तर लेकीसाठी सायकल बघायला गेलो होतो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाल तुरा होता, नरसाळ्यासकट. १४० युरो म्हणाला. तुरा प्रशियन गार्डच्या, म्हणजे राजाच्या खास पलटणींच्या, बँडवाल्याचा आहे, लाल रंग म्हणजे वादक, असंही त्याने सांगितलं. वर हळूच, “खरा आहे हं, इंडियातला नाही.” मग माझ्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि बिचारा इतका गडबडला की ११० ला सौदा झाला. या छंदात भारतात बनलेल्या नकला फार फिरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घासाघीस करायचा इतका सोपा मार्ग मला पुन्हा मिळाला नाही. सायकल राहिली.

घरी आल्यावर खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं, तीच पहिली चूक. केसांच्या मुळाशी बारीक भुसा होता आणि तपकिरी, केसाळ, तांदळाच्या कण्यांएवढ्या रिकाम्या काती. आपल्याकडे शालूला लागते ती कसर. लोकर, केस, पिसं, ज्यात प्रथिन आहे ते सगळं या अळ्या खातात. त्यामुळे जुना तुरा घरात आणलात तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशाला पुरते दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर सगळा दमटपणा केसांवर बसतो. आमच्या फ्रीझरमध्ये आईने भारतातून पाठवलेल्या पुरणपोळ्या होत्या. मेचे पहिले दोन आठवडे पुरणपोळ्या खालच्या कप्प्यात आणि कैसरचा तुरा वरच्या, अशी वाटणी झाली. बायकोने पिशवीवर मार्करने ‘खाऊ नये’ असं लिहून ठेवलं. हातमोजे मात्र घालाच. जुन्या केसाळ वस्तूंना कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक चोळत असत, ते आजही तिथेच असू शकतं.

मग निवांत पाहणी केली. केस २१ सेंटिमीटर लांब, राठ, बोटांत धरले तर सरळ उभे राहणारे. म्हणजे घोड्याचे. अधिकाऱ्यांचे तुरे जास्त मऊ आणि भरघोस केसांचे असत, त्या केसांना जर्मन लोक ब्यूफेलहार म्हणजे म्हशीचे केस म्हणतात. दोन्ही एकदा हातात घेतले की फरक आयुष्यभर विसरत नाही. बाहेरून माझ्या तुऱ्याचा रंग विटेसारखा उतरलेला होता. पण केस जिथे दोऱ्याने घट्ट बांधलेत तिथे बोटाने फाकवून पाहिलं तर आत कुंकवाचा लाल. शंभर वर्षं तिथे ऊन पोचलेलं नव्हतं. नकली तुऱ्यात रंग आतबाहेर एकसारखा असतो, त्यामुळे ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. एक केस मुळापासून काढून काडीवर धरला. केस जळल्याचा ओळखीचा वास आला आणि चिमटीत चुरणारी राख झाली. नायलॉन असता तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता.

इथेच थांबायला हवं होतं. पण जूनच्या एका रविवारी मला वाटलं की धूळ बरीच आहे, जरा कोमट पाण्यात बुडवून घेऊ. साबणही घेतला नव्हता. अर्ध्या मिनिटात बादलीतलं पाणी जास्वंदीच्या रंगाचं झालं. मी तुरा इतक्या घाईने बाहेर काढला की न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर ठिपके उडाले, त्यातले दोन सांध्यांमध्ये अजून आहेत. तुरा वाचला, पण एक बाजू कायमची फिकी झाली. जुन्या रंगाला पाणी दाखवू नका. मऊ ब्रश घ्यायचा आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून लांबूनच धूळ ओढायची, एवढंच करायचं.

आता मुख्य प्रश्न. विक्रेत्याचं ‘लाल म्हणजे वादक’ हे अर्धं बरोबर होतं. प्रशियाच्या गार्ड पायदळात पहिल्या दोन बटालियनचा तुरा पांढरा, तिसऱ्या म्हणजे फ्युझिलियर बटालियनचा काळा, आणि वादकांचा लाल. शाको, म्हणजे टोक नसलेली उंच टोपी, घालणाऱ्या येगर (हलक्या पायदळाच्या) शिपायांचा काळा. सेनापतींचा केसांचा नव्हे, पिसांचा. पण बव्हेरियन तोफखान्याचं कोष्टक बघितलं आणि मी खुर्चीत नीट बसलो. तिथे साध्या गोलंदाजाचाही तुरा लाल होता. बव्हेरियन घोडदळाचा पांढरा आणि त्यांच्या तुतारीवाल्यांचा पुन्हा लाल. म्हणजे माझ्या हातातला तुरा बर्लिनच्या ढोलवाल्याचा असू शकतो, बव्हेरियाच्या तोफेवरच्या शेतकऱ्याच्या पोराचा असू शकतो किंवा त्याच बव्हेरियातल्या एखाद्या तुतारीवाल्याचा. शिरस्त्राण सोबत असतं तर गरुड की सिंह हे बघून क्षणात निकाल लागला असता. सुटा तुरा म्हणजे आडनाव नसलेला माणूस.

एका संग्रहालयाला फोटो जोडून ईमेल केला. तीन आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं की खाजगी वस्तूंचा खरेखोटेपणा आणि किंमत आम्ही सांगत नाही. हे बहुतेक ठिकाणी असंच असतं, मनाला लावून घेऊ नका. ‘हे काय आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘अमुक काळातल्या बव्हेरियन तोफखान्याच्या तुऱ्यांबद्दल कुठे वाचू?’ असं विचारलं तर मदत मिळते. दुसऱ्या ईमेलला चार दिवसांत उत्तर आलं, पुस्तकांच्या यादीसकट.

मग दफ्तरखाना. जर्मन साम्राज्य एक असलं तरी बव्हेरियाचं युद्धमंत्रालय वेगळं होतं, म्हणून त्यांचे कागद म्युनिकच्या क्रीग्सआर्शीवमध्ये, म्हणजे युद्ध दफ्तरखान्यात आहेत. प्रशियाच्या सैन्याचं दफ्तर पोट्सडामला होतं. एप्रिल १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यात त्यातलं बहुतेक सगळं जळालं. महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतल्या त्या एका रात्रीमुळे आजही संशोधकाचं नशीब त्याचा शिपाई कुठल्या राज्याचा होता यावर ठरतं. माझा तुरा बव्हेरियन निघाला तर कागद मिळण्याची आशा होती. प्रशियन निघाला तर छापील नियमावल्यांवर समाधान मानायचं.

जुलैत ईमेल पाठवला, नऊ दिवसांनी उत्तर आलं, कुठल्या गठ्ठ्यांत पाहावं याच्या सूचनांसह. वापराचा अर्ज भरावा लागतो, त्यात कारण लिहावं लागतं. मी ‘खाजगी संशोधन: संचलनाचे तुरे’ असं लिहिलं आणि उगाच लाजलो. खिडकीतल्या बाईंनी ते वाचून भुवईही उंचावली नाही. याहून विचित्र विषय त्यांनी पाहिले असणार. कागद आधी मागवून ठेवा, गेल्या गेल्या मिळतील असं समजू नका. पिशवी, कोट, पाण्याची बाटली कुलुपात ठेवायची आणि आत पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. मी ऑगस्टमध्ये दोन दिवस रजा टाकली. मे महिन्यापासून ४९ युरोंचं डॉइचलांड तिकीट सुरू झालं होतं, म्हणून इंगोलश्टाट ते म्युनिकच्या फेऱ्यांना वेगळा खर्च नव्हता. लोकल गाडीने जा, आयसीई या वेगवान गाडीत ते तिकीट चालत नाही.

खरी भिंत होती अक्षराची. जुनी जर्मन हस्तलिपी, कुर्रेंट, आजच्या बऱ्याच जर्मनांनाही येत नाही. तिच्यातलं ‘ई’ हे अक्षर आजच्या ‘एन’सारखं दिसतं, त्यामुळे पहिले काही दिवस मी प्रत्येक शब्द चुकीचा वाचत होतो. मी सहा आठवडे रोज अर्धा तास गिरवलं, शाळेत पुस्ती काढायचो तसंच, दुरेघी वहीत. आजोबांच्या घरी मोडीतले कागद होते, ते आम्हा कुणालाच वाचता येत नाहीत. परक्याची मोडी शिकताना त्याची टोचणी लागून राहिली होती.

पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एका कोठाराच्या यादीत मला ‘हार्ब्यूशे’ हा शब्द दिसला. तुरे, अनेकवचनी. मी इतका आनंदलो की समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. शब्दापुढे नगांची संख्या होती. रंग नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी याद्या चाळल्या, तिथेही नगच. नंतर लक्षात आलं, कोठार सांभाळणाऱ्याला आपले तुरे लाल आहेत हे रोज दिसत होतं, तो कशाला लिहील? आपण तरी वाणसामानाच्या यादीत ‘पांढरं मीठ’ कुठे लिहितो? छापील नियम आणि त्या काळची रंगीत चित्रं यांतून बव्हेरियन तोफखान्याचा लाल रंग पक्का झाला, पण माझा तुरा त्यातलाच, हे कुठलाही कागद सांगत नव्हता.

नोव्हेंबरमध्ये डोकं फिरलं आणि तुलनेसाठी ऑनलाइन एक पांढरा तुरा घेतला, १६५ युरोंना, ‘१९१४ पूर्वीचा’. तो आला तेव्हा अंधार करून बारा युरोंच्या अतिनील टॉर्चखाली धरला. केस गप्प राहिले, पण बांधलेला दोरा लग्नातल्या एलईडी माळेसारखा निळा चमकला. कपडे आणि धागे जास्त पांढरे दिसावेत म्हणून घालतात ती चमक देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. १९१४ च्या दोऱ्यात ती असायचं कारण नाही. शेवटी काडीची परीक्षा केली आणि टोकाला मणी आला. विक्रेत्याशी पाच आठवडे पत्रव्यवहार करून पैसे परत मिळाले, परतीच्या टपालाचे सात युरो सोडून. खोक्याच्या तळाशी चिकटपट्टी खरवडल्याची खूण होती, तिच्याखाली ‘मेड इन’ एवढंच शिल्लक होतं. पुढचा शब्द मला ओळखता आला असता.

संग्राहकांच्या एका मेळाव्यात हुसार, म्हणजे हलक्या घोडदळातल्या, अधिकाऱ्याचा बगळ्याच्या पिसांचा तुरा पाहिला होता, पांढरा, तळाशी काळा, हातात घेतला तर वजनच नाही. तो नाही घेतला. बगळ्यांच्या काही जाती युरोपात कडक संरक्षित आहेत आणि जुन्या वस्तूच्या विक्रीलाही कागद लागतात, ते त्या माणसाकडे नव्हते. या पिसांसाठी एकेकाळी जगभर बगळे मारले गेले. हिंदुस्थानातून होणारी पिसांची निर्यात ब्रिटिश सरकारने १९०२ मध्ये बंद केली होती. असं काही घेणार असाल तर कागद आधी, पैसे नंतर.

मार्च २०२४ मध्ये त्याच मेळाव्यात भेटलेल्या एका वयस्कर संग्राहकाने मला घरी बोलावलं. त्यांच्याकडे बव्हेरियन शिरस्त्राण होतं आणि प्रशियनही. कॉफी झाल्यावर त्यांनी टोक फिरवून काढलं आणि माझं नरसाळं बव्हेरियन शिरस्त्राणावर ठेवलं. आटे बसले. अडीच फेऱ्यांत नरसाळं घट्ट. मी खुर्चीवरून उठलोच. त्यांनी शांतपणे ते काढून प्रशियनवर ठेवलं. तिथेही बसलं, जरा ओढून. मग तिसऱ्यावर ठेवलं, तेही बव्हेरियन, आणि तिथे अजिबात बसेना. “कारखाने अनेक होते,” ते म्हणाले, “आणि शंभर वर्षांत लोकांनी अदलाबदलही खूप केली.” पण केसांची बांधणी, नरसाळ्याचं पितळ आणि आतल्या दोऱ्याचा रंग बघून तुरा १९१४ पूर्वीचाच आहे, हे त्यांनी न मागता सांगितलं. मला तेवढं पुरलं.

जून २०२४ मध्ये कायमचं ठेवण्यासाठी १८ युरोंचा आम्लरहित कागद आणला. तुरा आडवा खोक्यात ठेवू नका, केसांना बाक येतो. नरसाळ्यात उभाच ठेवा, वर सैल कागद आणि उन्हापासून दूर. त्यासाठी केस नरसाळ्यातून पूर्ण बाहेर काढले तेव्हा आतून करंगळीएवढी गुंडाळी पडली. कुणीतरी सैल बसणारा तुरा घट्ट व्हावा म्हणून वर्तमानपत्राची चिंधी कोंबली होती. आपण ढिल्या खुंटीला कोंबतो तशीच. तीन चिमट्यांनी, श्वास रोखून, ती उलगडली. जुना गॉथिक ठसा, कुठल्याशा दुकानाची जाहिरात, तारीख नाही. गावाच्या नावाचा शेवट तेवढा शाबूत होता: ‘…बुर्ग’.

आउग्सबुर्गला बव्हेरियन तोफखाना होता. व्युर्त्सबुर्गलाही होता. आणि माग्डेबुर्ग प्रशियात.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर चिंधी दाखवली. आतापर्यंतचा खर्च १४७ युरो, हेही सांगून टाकलं. ते त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

“बुर्ग म्हणजे काय रे?”

“किल्ला. गड.”

“आणि ते सिंह असलेलं शिरस्त्राण तुझ्याकडे नाही.”

“नाही.”

बाबांच्या लेखी तुरा बव्हेरियन हे केव्हाच ठरलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मग झालं तर. गड आला, पण सिंह गेला.”

खोक्यावर मी जर्मनमध्ये चिठ्ठी लावली आहे: घोड्याचे लाल केस, नरसाळ्यासह, १९१४ पूर्वीचा, बहुधा बव्हेरियन तोफखाना. ‘बहुधा’ शिसपेन्सिलीने लिहिलंय. खाली बाबांचं वाक्य मराठीत आहे, पेनाने.